अलिबाग-मुरूडची वाट : पेण, रोहा आणि काही पक्के गैरसमज

अलिबाग, नागाव, रेवदंडा, काशीद, मुरूड ही रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावरची सुट्टीची गावे. यांपैकी एकाही गावात प्रवासी रेल्वे जात नाही. रेल्वे आतल्या बाजूने, पेण आणि रोह्यावरून दक्षिणेकडे निघून जाते. पेणहून अलिबाग रस्त्याने सुमारे ३० किलोमीटर आहे, तर रोह्याहून मुरूड ४०च्या आसपास. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्याचा पेण-रोह्यापर्यंतचा प्रवास बहुधा सुरळीत होतो. सहलीचा वेळ आणि खर्च ठरतो तो या शेवटच्या ३०-४० किलोमीटरवर, आणि बहुतेक गैरसमजही याच टप्प्याचे आहेत.

त्यांतला सर्वांत चिवट गैरसमज म्हणजे अलिबागला रेल्वे आहे, किंवा ‘आता होणारच आहे’. याला थोडा आधार आहे, म्हणूनच तो टिकून आहे. पेणहून किनाऱ्याच्या दिशेने रूळ खरोखरच गेले आहेत आणि नकाशावर ते अलिबागच्या जवळ पोहोचलेले दिसतात. पण ही मार्गिका थळच्या राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सच्या खत कारखान्यासाठी घातलेली आहे आणि तिच्यावर मालगाड्या धावतात. याच मार्गाने प्रवासी गाडी न्यावी ही मागणी जुनी आहे आणि निवडणुकीच्या हंगामात ती हमखास ताजी होते. तोपर्यंत अलिबागचे स्टेशन म्हणजे पेण.

पेणला मुंबईची लोकल जाते, हा दुसरा समज. हार्बर मार्गाची लोकल पनवेलला संपते. पनवेलच्या पुढे सोमाटणे, रसायनी, आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी आणि रोहा अशी स्टेशने आहेत आणि त्यांवरून दिवा-रोहा मार्गाच्या मेमू व पॅसेंजर गाड्या धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही, तिकीटही स्वस्त असते. मात्र फेऱ्या मोजक्याच आहेत. दर पंधरा मिनिटांनी लोकल पाहायची सवय असलेला मुंबईकर इथे फसतो. एक गाडी चुकली तर पुढच्या गाडीसाठी फलाटावर बसून राहण्यापेक्षा पनवेल स्टेशनातून बाहेर पडून एसटीने अलिबाग गाठणे अनेकदा लवकरचे ठरते.

याच्या उलट चूक लांब पल्ल्याच्या गाड्यांबाबत होते. कोकणात जाणारी प्रत्येक गाडी पेणवरून जाते हे खरे, पण प्रत्येक गाडी तिथे थांबत नाही. बऱ्याच एक्स्प्रेस गाड्या पनवेल सोडल्यावर थेट पुढच्या मोठ्या स्टेशनात उभ्या राहतात. दिवा-सावंतवाडीसारखी गाडी पेण आणि रोहा या दोन्ही ठिकाणी थांबते. म्हणून तिकीट काढण्याआधी गाडीचे नाव पाहून भागत नाही, तिचे थांबे तपासावे लागतात.

कोकण रेल्वे कुठे सुरू होते, यावर पनवेल, दिवा आणि मुंबई अशी तिन्ही उत्तरे ऐकू येतात. खरे उत्तर रोहा आहे. दिव्याहून पनवेलपर्यंतची मार्गिका १९६६च्या सुमाराची. मुख्यतः या पट्ट्यातल्या उद्योगांसाठी ती १९८६मध्ये रोह्यापर्यंत वाढवली गेली. तिथून दक्षिणेकडे मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वे महामंडळाने बांधला आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो पूर्णपणे खुला झाला. आजही रोहा हे मध्य रेल्वेचे स्टेशन आहे, तर पुढचे कोलाड कोकण रेल्वेचे. प्रवाशाला यामुळे गाडी बदलावी लागत नाही की दोन तिकिटे काढावी लागत नाहीत. मात्र दिव्याकडून येणाऱ्या स्थानिक गाड्या बहुतांशी रोह्यालाच का संपतात, ते या हद्दीवरून कळते.

स्टेशनातून बाहेर पडले की समुद्र दिसेल, ही अपेक्षा पेणलाही चुकीची आणि रोह्यालाही. पेणच्या वाट्याला समुद्र खाडीच्या रूपाने येतो. ही धरमतरची खाडी म्हणजे अंबा नदीचे मुख. रोहा कुंडलिकेच्या काठावर आहे आणि ही नदी समुद्राला मिळते ती थेट रेवदंड्याला, कोरलई किल्ल्याच्या पायथ्याशी. रोह्याला ‘बीच रिसॉर्ट’ शोधणाऱ्याच्या हाती बहुधा कोलाडचे राफ्टिंग लागते. ती कुंडलिकाच असते, पण डोंगरातली.

पेणला उतरल्यावर पुढे काय, हे आधी ठरवलेले बरे. रेल्वे स्टेशन आणि एसटी स्थानक एका आवारात नाहीत. मधला टप्पा रिक्षाने करावा लागतो. तिथून अलिबागची एसटी मिळते. तिची वाट पाहायची नसेल तर मिनिडोर आहे. ही सहा आसनी रिक्षा रायगडातली खरी लोकवाहिनी. ती वेळापत्रकावर चालत नाही, भरली की सुटते, आणि भरली म्हणजे किती हे चालक ठरवतो. पेणहून वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड आणि मग अलिबाग असा हा रस्ता आहे. हंगामात त्याच्या कडेला पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या दिसतात. सरळ चाललेल्या गाड्या त्या पाहून अचानक डावीकडे घेतल्या जातात. वडखळच्या कोंडीचे खापर ट्रकवर फोडले जाते, त्यात थोडा वाटा या कांद्यांचाही आहे.

रस्त्याबाबतचे दोन समज नकाशा न पाहिल्यामुळे होतात. एक म्हणजे रोहा मुंबई-गोवा महामार्गावर आहे. पेण त्या महामार्गावर आहे, नागोठणे आहे, कोलाड आहे. रोहा मात्र नाही. महामार्गावरून जाणाऱ्याला कोलाडला वळून दहा-बारा किलोमीटर आत जावे लागते. दुसरा समज नवा आहे : अटल सेतू झाला, आता शिवडीहून थेट अलिबाग. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला हा २१.८ किलोमीटरचा सेतू उरण तालुक्यात चिर्ल्याला उतरतो. अलिबाग धरमतरच्या खाडीपलीकडे आहे, आणि ही खाडी मुखाजवळ ओलांडायला रेवस-करंजा पुलाची गरज आहे. त्याचे काम पूर्ण होईपर्यंत मोटारीला कर्नाळा, पेण, वडखळ असाच वळसा घालावा लागतो. सेतूमुळे मुंबईतून बाहेर पडण्याचा वेळ वाचतो, वडखळचा नाही. शिवाय मोटरसायकलला सेतूवर प्रवेशच नाही. महामार्गाच्या पळस्पे-इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११मध्ये सुरू झाले. ते किती वर्षे रेंगाळले, हे गणपतीला गावी जाणाऱ्या कोणत्याही चाकरमान्याला विचारावे. भाद्रपदापूर्वीच्या आठवड्यात याच रस्त्यावर पेण-हमरापूरच्या कारखान्यांतून निघालेल्या मूर्तींचे टेम्पोही असतात. तेव्हा मोटारीपेक्षा रेल्वे बरी, गर्दीची असली तरी.

समुद्रमार्गाविषयीचे समज अधिक गुंतागुंतीचे आहेत, कारण तिथे एकाच नावाखाली तीन वेगळ्या सेवा चालतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला कॅटामरान आणि लाँच जातात. त्या फक्त माणसे नेतात. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला रो-रो जाते आणि तिच्यात मोटारी, दुचाक्या व प्रवासी सगळे मावतात. भाऊच्या धक्क्याहूनच रेवसला जुन्या पद्धतीच्या लाँच सुटतात; त्या प्रामुख्याने स्थानिकांच्या आहेत. ‘बोटीने अलिबागला’ म्हणणाऱ्याने यांपैकी कोणती बोट, हे आधी स्पष्ट करावे. गेटवेला रो-रो शोधत मोटार घेऊन पोहोचणारे पर्यटक आजही असतात.

बोट अलिबागला लागते, हा त्याच्याच जोडीचा समज. मांडवा जेट्टी अलिबागपासून १८-२० किलोमीटरवर आहे. गेटवेहून सुटणाऱ्या प्रमुख कंपन्यांच्या तिकिटात मांडव्याहून अलिबागपर्यंतच्या बसचे भाडे धरलेले असते. बोटीतून उतरताच सगळे एकदम जेट्टीवरून चालू लागतात आणि बाहेर उभ्या बसच्या दाराशी तीच रांग पुन्हा लागते. ही बस अलिबागपर्यंतच. नागाव, काशीद, मुरूडला जाणाऱ्याला तिथून एसटी किंवा रिक्षा धरावी लागते. रो-रोने वाहन आणणाऱ्याची यातून सुटका होते. ही सेवा १५ मार्च २०२० रोजी सुरू झाली आणि काही दिवसांतच टाळेबंदी लागली, ही तिची सुरुवात. समुद्रातले अंतर सुमारे तासाभराचे आहे. त्यात जहाजावर गाडी चढवण्याआधीची वेळ धरायला लोक विसरतात आणि ‘रस्त्याएवढाच वेळ लागला’ अशी तक्रार होते. शनिवारी सकाळी रस्ता तुंबलेला असताना ती तक्रार खरी नसते. मंगळवारी दुपारी खरी असू शकते.

पावसाळ्यात सगळ्या बोटी बंद असतात, असे सर्रास म्हटले जाते. मे महिन्याच्या अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत बंद राहते ती गेटवे-मांडवा प्रवासी सेवा. रो-रो मोठी असल्याने पावसाळ्यातही चालते. मात्र हवामान बिघडले की फेऱ्या रद्द होतात, तेही ऐनवेळी. या बंदीला अतिरेकी खबरदारी समजणाऱ्यांसाठी एक तारीख पुरेशी आहे. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट मुंबईजवळच बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांतली बरीचशी गटारीसाठी घरी निघाली होती.

काशीद-मुरूडसाठीही अलिबागवरूनच जावे लागते, हा समज बोटीने येणाऱ्याच्या बाबतीत ठीक आहे. रेल्वेने येणाऱ्याला रोहा जवळ पडते. रोह्याहून चणेऱ्याच्या बाजूने जाणारा रस्ता डोंगराळ आणि शांत आहे. शेवटी तो फणसाड अभयारण्याच्या परिसरातून किनाऱ्याला येतो. या रस्त्यावर एसटी कमी आहेत, त्यामुळे रोह्याला दुपारनंतर उतरणे धोक्याचे. अलिबागकडच्या रस्त्यावर रेवदंडा-साळाव पूल लागतो. तो जुना झाला आहे आणि जड वाहनांवर निर्बंध येतात, तेव्हा मुरूडची वाहतूक रोह्याच्या बाजूने वळवावी लागते. त्या दिवसांत रोहा हाच मुरूडचा दरवाजा.

मुरूड एकच आहे, असे समजूनही माणसे निघतात. जंजिऱ्याचे मुरूड रायगडात आहे. दापोलीजवळ हर्णैशेजारी दुसरे मुरूड आहे, तेही समुद्रकाठचे, तेही पर्यटकांचे, पण रत्नागिरी जिल्ह्यातले. हॉटेलचे आरक्षण एका मुरूडचे आणि एसटी दुसऱ्या मुरूडची, हा गोंधळ टाळायचा तर सोबत ‘जंजिरा’ किंवा ‘दापोली’ म्हणायला विसरू नये.

मुरूडच्या पुढे किनारा संपतो, हा शेवटचा समज. मुरूडजवळच्या आगरदांड्याहून खाडीपलीकडच्या दिघीला जंगार जातो, आणि त्यात वाहनेही नेता येतात. दिवेआगर आणि श्रीवर्धनला जाणाऱ्याचा माणगावकडून पडणारा लांबचा फेरा त्यामुळे वाचतो. जंजिरा किल्ल्याच्या होड्या मात्र राजपुरीहून सुटतात आणि पावसाळ्यात किल्ला बंद असतो.

राहता राहिला खर्चाचा प्रश्न. स्वस्त म्हणजे रेल्वे, असे धरले जाते. पण पेण किंवा रोह्याहून पुढे खासगी गाडी केली की बचत तिथेच संपते. मार्च २०२३पासून महिलांना एसटीच्या तिकिटात ५० टक्के सवलत आहे आणि ७५ वर्षांवरील ज्येष्ठांचा प्रवास मोफत आहे. आजी, दोन सुना आणि नातवंडे असे कुटुंब असेल तर पनवेलहून सरळ अलिबागची एसटी बोटीपेक्षा आणि मोटारीपेक्षाही कितीतरी स्वस्त पडते. एकट्याला, हलक्या पिशवीसह, हिवाळ्यात जायचे असेल तर गेटवेची बोट उत्तम. दुचाकीवाल्याला रो-रो किंवा पेणचा रस्ता, हे दोनच पर्याय उरतात.