सीसी, सायलेन्सर आणि टायरमधली हवा : ट्रायल बाईकबद्दलचे गैरसमज

ट्रायल या मोटरसायकलच्या खेळात पहिला कोण पोहोचला याला फारशी किंमत नसते. खडक, ओढे, झाडांची मुळं, निसरडा चिखल यांतून आखलेले छोटे छोटे टप्पे पार करायचे. पाय एकदा टेकला की दंडाचा एक गुण, दोनदा टेकला की दोन, त्यापुढे कितीही टेकला तरी तीन. पडलात किंवा आखणीबाहेर गेलात की पाच. शेवटी ज्याचा दंड सर्वांत कमी, तो जिंकला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या रस्त्यांवर खरीखुरी ट्रायल बाईक क्वचितच दिसेल. पण बटन टायर लावलेल्या, मडगार्ड उंच केलेल्या गाड्या भरपूर दिसतात, आणि त्यांच्यासोबत गॅरेजच्या बाकावर बसून दिले जाणारे सल्लेही भरपूर. ते दोन टोकांचे असतात. एक म्हणजे ‘जेवढं जास्त तेवढं चांगलं’, मग ते सीसी असो, आवाज असो वा चेनचा ताण. दुसरं म्हणजे परदेशी ट्रायलवाल्यांचे व्हिडिओ पाहून त्यांचे आकडे जसेच्या तसे आपल्या गाडीला लावणं. दोन्ही चुकतात, आणि दोन्हींचं कारण एकच. ट्रायलकडून घ्यायचा असतो तो हिशेब, आकडे नव्हेत.

गैरसमज : ‘ट्रायल, मोटोक्रॉस, अ‍ॅडव्हेंचर, सगळं एकच’

२०२४ साली पुण्यात सुरुवात झालेल्या इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगमध्ये गाड्या हवेत उडतात, कारण तिथे वेगाला बक्षीस आहे. डकारसारख्या रॅलीत शेकडो किलोमीटर कापायचे असतात, म्हणून टाकी मोठी आणि सीट बसता येईल अशी लागते. ट्रायलमध्ये या दोन्हींची गरज नाही. त्यामुळे आजच्या ट्रायल बाईकला जवळजवळ सीटच नसते, स्वार पूर्ण वेळ उभा असतो, टाकीत दोन-अडीच लिटर पेट्रोल मावतं आणि संपूर्ण गाडीचं वजन सत्तर किलोच्या आसपास भरतं. नावावर जाऊ नये याचं उदाहरण आपल्याकडेच आहे. रॉयल एनफिल्डने मार्च २०१९ मध्ये ‘बुलेट ट्रायल्स’ ही गाडी ३५० आणि ५०० अशा दोन आकारांत आणली. वर वळवलेला सायलेन्सर, एकाच माणसाची सीट, मागे कॅरिअर, बटन टायर, सगळं होतं. इंजिन मात्र नेहमीच्या बुलेटचंच होतं आणि वजन १९० किलोच्या घरात. ती जुन्या वैभवाची आठवण होती, खेळाचं अवजार नव्हतं. २०२० मध्ये ती बंदही झाली. गाडी देखणी होती यात वाद नाही. पण नावाला भुलून जो तिला मलंगगडाच्या पायथ्याच्या दगडगोट्यांत घालेल, त्याला पहिल्याच वळणावर वजनाचा हिशेब कळेल.

गैरसमज : ‘सीसी जास्त, तर चढ सोपा’

वजनाच्या या मुद्द्यावर बुलेटप्रेमींचा आक्षेप रास्त आहे. जॉनी ब्रिटन या इंग्लिश स्वाराने १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटलंडची सहा दिवसांची ट्रायल जिंकली, तीही रॉयल एनफिल्डवर. मग जड गाडी वाईट कशी? उत्तर त्या काळात आहे. तेव्हा प्रतिस्पर्ध्यांच्या गाड्याही तशाच जड होत्या, आणि बुलेट घराण्याच्या इंजिनाला जड फ्लायव्हीलचा मोठा फायदा होता. जड फ्लायव्हील रेस कमी असतानाही इंजिन बंद पडू देत नाही, त्यामुळे चाक एकेक ठोका मोजत पुढे सरकतं. पुढे काय झालं ते जास्त बोलकं आहे. सॅमी मिलर ५०० सीसीच्या एरियलवर ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं जिंकत होता. त्याने ती सोडून स्पेनच्या बुल्टाकोची २५० सीसी, टू-स्ट्रोक शेर्पा घेतली आणि १९६५ ची स्कॉटिश ट्रायल जिंकली. स्वार तोच, इंजिन अर्धं, गाडी हलकी. त्यानंतर मोठ्या फोर-स्ट्रोक गाड्यांचा या खेळातला काळ ओसरत गेला. आजही ट्रायलच्या गाड्या साधारण १२५ ते ३०० सीसीच्या दरम्यानच असतात. मात्र यावरून ‘टू-स्ट्रोकच हवी’ असा उलटा गैरसमज करून घेऊ नये. स्पेनचा टोनी बोऊ २००७ पासून सलग जगज्जेता ठरत आला, तो बहुतांश काळ फोर-स्ट्रोक मोंटेसावर. मुद्दा स्ट्रोकचा नाही. हाताने मूठ केसभर फिरवली की चाकानेही केसभरच उत्तर दिलं पाहिजे, मुद्दा एवढाच.

आपल्या बाजारात निवड करताना हाच निकष वापरावा. हिरो एक्सपल्स २०० ही २०१९ साली आलेली गाडी दीडशे किलोच्या थोडी वर आहे. तिचं पुढचं चाक २१ इंची, मागचं १८ इंची. हिमालयन ४५० जवळपास दोनशे किलोची. माळशेज ओलांडून नगरकडे लांब जायचं असेल तर दुसरी आरामाची. पण चिखलात आडवी पडलेली गाडी एकट्याने उभी करायची असेल तर चाळीस किलोंचा फरक शोरूममधल्या कुठल्याही हॉर्सपॉवरपेक्षा मोठा ठरतो. ‘पण ताकद कमी पडली तर?’ यावरचा उपाय बराच स्वस्त आहे. पुढच्या स्प्रॉकेटला १४ आणि मागच्याला ४२ दात असतील तर गुणोत्तर तीन येतं. पुढचा १३ दातांचा बसवला की ते ३.२३ होतं, म्हणजे मागच्या चाकाला मिळणारी ओढ जवळपास पावणेआठ टक्क्यांनी वाढते. मोबदल्यात हायवेवर इंजिन त्याच वेगाला जास्त रेस घेतं आणि अ‍ॅव्हरेज थोडं घटतं. रोज नाशिक हायवेने जाणाऱ्याने म्हणूनच हा बदल करू नये.

गैरसमज : ‘खराब रस्त्याला टायर टणक हवा’, आणि त्याचा जुळा भाऊ, ‘ट्रायलवाले पाचच ठेवतात’

पहिला समज पंक्चरच्या भीतीतून येतो. टणक टायर दगडाच्या टोकावर उभा राहतो, मऊ टायर दगडाला मिठी मारतो. जमिनीला लागणारं रबर वाढलं की पकड वाढते. म्हणून ट्रायलमध्ये पुढे साधारण सहा आणि मागे चार-पाच पीएसआय एवढीच हवा ठेवतात. पेट्रोल पंपावरच्या मीटरवर हा आकडा नीट वाचताही येत नाही; त्यासाठी शून्य ते पंधराचा वेगळा मीटर लागतो. दुसऱ्या समजाची चूक इथूनच सुरू होते. ट्रायलची गाडी सत्तर किलोची, तिचा मागचा टायर खास मऊ बाजूंचा आणि ट्यूबलेस, वेग माणसाच्या चालण्याएवढा. दीडशे किलोच्या, ट्यूब असलेल्या गाडीत मागे कुणाला बसवून तेवढ्याच हवेवर घोडबंदर रोडचा खड्डा घेतला, तर रिम आणि दगडाच्या मध्ये ट्यूब चेपून फाटते, रिम वाकते, आणि जोरात ब्रेक लावल्यावर टायर रिमवर सरकून ट्यूबचा व्हॉल्व्ह मुळासकट उपटला जातो. त्यावर सपाट रस्त्यावर वेगात मऊ टायर तापतो तो वेगळाच. म्हणून रस्त्यावर कंपनीने सांगितलेली हवा, तीही टायर थंड असताना मोजलेली. कच्च्या वाटेवर उतरल्यावर थोडी कमी करायची आणि डांबरावर परतण्याआधी पुन्हा भरायची. त्यासाठी पिशवीत छोटा पंप हवा. पंप नसेल तर हवा सोडू नये.

गैरसमज : ‘ट्यूनिंग म्हणजे पिकअप, आणि पिकअप म्हणजे आवाज’

एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू झालं, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांना कार्ब्युरेटर आहे. त्यात मेन जेट बदलून ‘गाडी खोलली’ असं सांगणारे बरेच असतात. पण मेन जेटचं काम दिसतं ते मूठ तीन चतुर्थांशाच्या पुढे गेल्यावर. ट्रायलचं, आणि डोंबिवली स्टेशनबाहेरच्या गर्दीचंही, सगळं आयुष्य मूठ पाव फिरवण्यात जातं. तिथे राज्य पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रूचं. इंजिन चांगलं गरम झाल्यावर हा स्क्रू हळूहळू फिरवत आयडलिंग सर्वांत चढं आणि एकसारखं येईल तिथे थांबवायचं, मग दुसऱ्या स्क्रूने रेस जागेवर आणायची. काम पाच मिनिटांचं, पण पहिल्या गिअरमधले झटके यानेच जातात. नव्या गाड्यांत ही कामं कॉम्प्युटर आणि ऑक्सिजन सेन्सर करतात, म्हणून त्यांचा सायलेन्सर काढून मोकळा लावला की गणित बिघडतं. मोकळ्या सायलेन्सरने वरच्या रेसला थोडी ताकद मिळू शकते, पण इंधनाचा नकाशा (फ्युएल मॅप) त्यानुसार बदलला तरच, आणि अनेकदा खालची ओढ घालवून. ट्रायलला नेमकी खालचीच ओढ हवी असते. शिवाय कायदा आहेच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलाला पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

‘जास्त म्हणजे सुरक्षित’ हाच विचार ऑइल आणि चेनच्या बाबतीतही फसतो. टू-स्ट्रोक ट्रायल इंजिनात कंपनीनुसार पेट्रोलच्या साठाव्या ते शंभराव्या हिश्शाएवढंच ऑइल मिसळतात. राजदूत-येझदीच्या काळातली सवय धरून त्यात सढळ हाताने ऑइल ओतलं तर प्लग काळा पडतो; शिवाय तेवढ्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट पातळ होतं. चेनचं तसंच. मागचं चाक खड्ड्यात वर-खाली होताना एका क्षणी पुढचा स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा सांधा आणि मागचा अ‍ॅक्सल एका रेषेत येतात, आणि चेन तेव्हा सर्वांत जास्त ताणली जाते. उभ्या गाडीत जी चेन ‘मस्त टाइट’ वाटते, ती त्या क्षणी गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घाव घालत असते. म्हणून लांब सस्पेन्शनच्या गाडीत साध्या गाडीपेक्षा जास्त ढील लागते. किती, ते स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

गैरसमज : ‘सर्व्हिसिंग म्हणजे चकाचक धुणं, आणि सायलेन्सरात पाणी गेलं की इंजिन गेलं’

पावसाळ्यात आपल्याकडे चिखल धुण्याची घाई समजण्यासारखी आहे. पण प्रेशर पंपाचा फवारा जवळून चाकाच्या बेअरिंगवर, हँडलच्या कपांवर किंवा स्विंगआर्मच्या सांध्यावर मारला की पाणी सील ओलांडून आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. गाडी बाहेरून चमकते, आतून गंजते. चिखल साध्या पाइपने भिजवून मऊ करावा, ब्रशने काढावा, चेन रॉकेलने पुसावी, सुकल्यावर ९० नंबरचं ऑइल आतल्या बाजूने थेंब थेंब सोडावं आणि जादा पुसून टाकावं. एअर फिल्टरचंही तेच. ट्रायल गाडीचा फोमचा फिल्टर धुऊन, वाळवून, तेल लावून पुन्हा बसवतात, कारण तेलकट फोमच धूळ धरून ठेवतो. आपल्या बहुतेक गाड्यांचा कागदी फिल्टर धुवायचा नसतो, बदलायचा असतो. मेट्रोच्या खांबांखालच्या धुळीतून रोज जाणाऱ्याने पुस्तिकेतल्या किलोमीटरची वाट न पाहता तो आधीच उघडून बघावा.

पाण्याची भीती इथे खोटी नाही. २६ जुलै २००५ चा उल्हास नदीचा पूर कल्याण-बदलापूरकर विसरलेले नाहीत. पण भीती चुकीच्या टोकाला आहे. इंजिन चालू असेपर्यंत सायलेन्सरातून बाहेर पडणारा धूर पाण्याला थोपवतो. खरा धोका हवा आत घेणाऱ्या तोंडाशी असतो. तिथून पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते हवेसारखं दाबलं जात नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. म्हणून पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करायचा मोह टाळावा. बाहेर ढकलून न्यावी, एअर फिल्टर पाहावा, प्लग काढून आतलं पाणी बाहेर काढावं आणि ऑइल दुधासारखं पांढुरकं झालं असेल तर आधी ते बदलावं. मेकॅनिक हे करेलच. पण तो येण्याआधी मारलेले चार सेल्फ नुकसान करून बसलेले असतात.

गैरसमज : ‘मग सरळ ट्रायल बाईकच आणू आणि येऊरला चालवू’

येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. तिथली पायवाट सरावाचं मैदान नव्हे, आणि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. स्पर्धेसाठी बांधलेली, रस्त्यावरची नोंदणी नसलेली गाडी एमएच-०४ किंवा एमएच-०५ च्या रस्त्यावर आणताच येत नाही. ती टेम्पोतून न्यायची आणि मालकाची परवानगी घेतलेल्या खाजगी जागेतच चालवायची. एवढी तयारी, सुट्या भागांची सोय आणि जागा असेल तर तिच्यासारखी शिक्षक नाही. नसेल तर तिचं शिक्षण आहे त्या गाडीवर घेता येतं, आणि त्याची परीक्षा आपण सगळ्यांनी एकदा दिलेलीही आहे. लायसन्ससाठी काढलेला आठचा आकडा म्हणजे दुसरं काय होतं? वेगाला गुण नाहीत, पाय टेकला की नापास. मोकळ्या पार्किंगमध्ये पहिल्या गिअरवर, हाफ क्लचने, तोच आठ शक्य तेवढा लहान आणि सावकाश काढून पाहावा. झटका बसला तर क्लचची केबल किंवा मिक्श्चर बघायचं. हँडल एका बाजूला अडकलं तर कपांचं बेअरिंग. गाडी वळणात आडवी पडायला बघत असेल तर टायरची हवा. इतकं करूनही ती हातात येत नसेल, तर ती आपल्यासाठी जड आहे. हे गाडी विकत घेण्याआधी, टेस्ट राइडलाच कळलेलं बरं.