परळीची राख आणि पाणी

परळी वैजनाथच्या औष्णिक वीज केंद्रात कोळसा दुरून रेल्वेने येतो. भारतीय कोळशात राखेचे प्रमाण साधारणतः ३० ते ४५ टक्के असते. ते ४० टक्के धरले, तर शंभर टन कोळशाबरोबर चाळीस टन राखेचीही वाहतूक होते. ही राख उष्णता देत नाही, बॉयलरच्या नळ्या झिजवते आणि पाण्यात कालवून तळ्यात सोडायची तर भरपूर पाणी पिते. २०१३च्या दुष्काळात हे केंद्र पाण्याअभावीच बंद ठेवावे लागले होते. कोळसा खाणीजवळ धुतल्यास राख घटते. मात्र तिथेही पाणी लागते. म्हणून बीडसारख्या अवर्षणप्रवण जिल्ह्यात धुतलेल्या कोळशाइतकेच महत्त्व राख कोरडीच गोळा करून सिमेंट-विटांसाठी देण्याला आहे.