कुलपाला भूक लागते तेव्हा

गेल्या श्रावणातली गोष्ट. आमचं घर दाजीबानपेठेत, तुळजाभवानीच्या देवळापासून जवळच. सासूबाई दुर्गदबैलातून भाजी घेऊन भर दुपारी परतल्या, दारावरच्या आकड्यांवर बोट ठेवलं, तर दिवाच लागेना. चारदा दाबून पाहिलं, कुलूप ढिम्म. रक्तदाबाच्या गोळ्या आत आणि जुनी किल्लीही आतच, देवघराच्या फडताळात! शेजारच्या काकूंनी विचारलं, "कीली केट्टैतेन्री?" (आपल्याकडच्या कन्नडात कीली म्हणजे कुलूप आणि कीलीकै म्हणजे किल्ली. नव्या सुनांचा इथे हमखास घोटाळा होतो.)

मी तेव्हा धारवाडला. खरं सांगायचं तर दोष माझाच. पंधरा दिवस दार उघडताना कुलूप टिकटिक करत होतं, लाल दिवा लुकलुकत होता. "रविवारी बघू" म्हणत मी दोन रविवार घालवले.

फोनवरून आठवेल तसं सांगितलं. आमच्या कुलपाला बाहेरून खालच्या बाजूला धातूच्या दोन टिकल्या आहेत. काकूंच्या मुलाने इलेक्ट्रिकच्या दुकानातून नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणून त्या टिकल्यांना टेकवून धरली, सासूबाईंनी आकडे दाबले आणि दार उघडलं. त्या बॅटरीने आतले सेल भरत नाहीत, टेकवलेली असेपर्यंतच काम चालतं. काही कुलपांना टिकल्यांऐवजी मोबाइलच्या वायरचं भोक असतं. आपल्या घरी काय आहे ते आजच वाकून बघा.

संध्याकाळी झाकण उघडलं. आत चार पेन्सिल सेल, दीड-दीड व्होल्टचे, मिळून सहा. रिमोटला चालतात ते स्वस्तातले सेल इथे टिकत नाहीत, कारण बोल्ट सरकवणारी मोटर एकदम जोराने वीज ओढते. अल्कलाइनच घ्यावेत. चार्जिंगचे सेल १.२ व्होल्टचे, त्यामुळे भरलेले असूनही कुलपाला ते उतरल्यासारखे वाटतात. लिथियमचे शेवटपर्यंत जोमदार राहतात आणि मग अचानक मान टाकतात, सूचना मिळायला वेळच उरत नाही. चारही सेल एकदम बदलायचे. दोन नवे, दोन जुने ही काटकसर महागात पडते, जुने सेल गळू शकतात. आमच्याही एका स्प्रिंगवर पांढरी भुकटी जमली होती. सेल काढून, हातमोजे घालून, कापसाच्या काडीने जरासं व्हिनेगर लावून पुसली आणि कोरडी केली. हे सगळं दार उघडं ठेवूनच करायचं, बरं का!

पण माझ्या मनातून एक शंका जाईना. आधीचे सेल दहा महिने चालले, मग हे सहा महिन्यांतच कसे संपले? उत्तर सुताराने दिलं. पावसाने लाकडी चौकट फुगली होती, बोल्ट घासत होता आणि मोटरला दर वेळी जोर काढावा लागत होता. त्याने पट्टी थोडी सरकवली, कड तासली. दार हाताने ढकलून धरल्याशिवाय कुलूप लागत नसेल तर सेलना दोष देण्याआधी सुताराला बोलवावं.

उतरलेले सेल कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या नियमांनुसार ते परत घेऊन पुन्हा वापरात आणण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. मी ते डब्यात साठवते.

झाकणाच्या आत आता चिकटपट्टीवर तारीख लिहिलेली आहे. आमची किल्ली काकूंकडे, त्यांची आमच्याकडे. आणि कुलूप टिकटिकलं की सासूबाई माजघरातून ओरडतात, "अगं, ते जेवायला मागतंय!"