नांगीतलं औषध

मधमाशी डंख मारून उडते, नांगी मात्र कातडीतच राहते. जवळून पाहिलं तर रुतलेल्या काट्याच्या टोकाला बारीकशी पांढुरकी पिशवी दिसते, आणि ती धडधडत असते. माशीपासून तुटली तरी पिशवी विष ढकलतच राहते. अर्ध्या मिनिटात जवळपास सगळं विष आत उतरतं. तेव्हा लोखंड घासायला धावण्याआधी नखाने, जमेल तशी, पण ताबडतोब नांगी काढावी. गांधीलमाशीची नांगी सहसा अशी अडकत नाही. ती पुन्हा पुन्हा डसू शकते.

एका डंखातलं सुकं विष मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाच्या आसपास. त्यातलं निम्मं मेलिटिन, म्हणजे २६ अमिनो आम्लांची साखळी. ती पेशीच्या पटलात शिरून भोकं पाडते. फॉस्फोलिपेज हे विकर पटलातली स्निग्धद्रव्यं तोडतं, हायल्युरोनिडेज पेशींमधला चिकटा सैल करून विषाला वाट देतं. गांधीलमाशीच्या विषातलं मास्टोपॅरन अवघं १४ अमिनो आम्लांचं, पण ते मास्ट पेशींमधून हिस्टामिन बाहेर काढतं.

पटलं फोडणाऱ्या या रेणूंकडे कॅन्सरच्या संशोधकांचं लक्ष जाणं साहजिकच होतं. २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे मेलिटिनने स्तनाच्या कॅन्सरच्या काही आक्रमक पेशी मारल्याचं दिसलं. हे काचेच्या बशीतलं आणि उंदरांमधलं काम. मेलिटिन रक्तातल्या तांबड्या पेशीही फोडतं, ही खरी अडचण. तेवढ्यावरून कुणी जिवंत माशा डसवून घेऊ नयेत, असं मी कळकळीने सांगेन. दोन वर्षं असे डंख सहज सोसलेली स्पेनमधली ५५ वर्षांची एक बाई पुढच्या एका डंखाने दगावली.

विषाचं सिद्ध झालेलं औषध वेगळंच आहे, आणि ते आहे विषाच्याच ॲलर्जीवर. काहींना एका डंखाने अंगभर गांधी उठतात, घसा आवळतो, रक्तदाब कोसळतो. अशांना अनेक दशकं अख्ख्या माशा वाटून काढलेला अर्क टोचत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत ५९ ॲलर्जीग्रस्तांचे तीन गट केले: शुद्ध विष, माशांचा अर्क आणि निव्वळ दिखाऊ औषध. मग डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांना मुद्दाम डंख देण्यात आले. डंख घेतलेल्यांपैकी दिखाऊ औषधवाल्या १२ जणांत ७ जणांना अंगभर त्रास झाला, अर्कवाल्या ११ जणांतही ७ जणांना. शुद्ध विष घेतलेल्या १८ जणांत फक्त एकाला! अर्क इतकी वर्षं टोचला जात होता, आणि त्याचा उपयोग पाण्याइतकाच निघाला. त्या भरवशावर किती जण निर्धास्तपणे बागेत, शेतात वावरले असतील, हा विचार मला अजून सोडत नाही.

शुद्ध विषाचे हे उपचार ॲलर्जीतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच, ॲड्रेनलिन हाताशी ठेवून करतात. सुरुवात मायक्रोग्रॅमच्या अंशापासून. मात्रा वाढवत वाढवत १०० मायक्रोग्रॅमवर आणतात, म्हणजे साधारण एक-दोन डंखांएवढं विष. मग तेवढंच, महिन्या-दीड महिन्याने, तीन ते पाच वर्षं.