ग्रामीण स्त्री आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची जोखीम

रोगाची जोखीम आणि त्या जोखमीची जाणीव या दोन भिन्न गोष्टी होत. पहिली रोगशास्त्राला मोजता येते. दुसरी लोकजीवनात घडते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या बाबतीत या दोहोंतील अंतर विशेष घातक ठरते. ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा दीर्घकाळ टिकणारा संसर्ग हे या रोगाचे मूळ होय. संसर्गापासून कर्करोगापर्यंतचा प्रवास बहुधा दहा वर्षांहून अधिक काळ चालतो. त्या अवधीत स्त्रीला सहसा कोणतीही पीडा जाणवत नाही. आणि नेमका तोच काळ रोग टाळण्याचा असतो.

ग्रामीण स्त्रीच्या व्यवहारात मात्र 'आजार' म्हणजे कामात खंड पाडणारे दुखणे. अंगावरून पांढरे जाणे हे उष्णतेचे वा अशक्तपणाचे लक्षण मानून अंगावर काढले जाते. पाळी गेल्यानंतरचा रक्तस्राव म्हणजे पाळीच परतली, असा समज होतो. हा संसर्ग शरीरसंबंधातून होत असल्यामुळे रोगाचे नाते चारित्र्याशीही जोडले जाते. आपले वर्तन निर्दोष, म्हणून आपण सुरक्षित, हे अनुमान त्यातूनच निघते. वस्तुतः एकनिष्ठ पत्नीलाही हा विषाणू पतीकडून होऊ शकतो. उलटपक्षी, कर्करोग म्हणजे मृत्यूच, अशी धारणा असली की आधी कळून उपयोग काय, असे वाटते.

तथापि या सर्वांस 'अज्ञान' हे एकच नाव देणे यथार्थ नव्हे. तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ मध्ये ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. आरोग्यसेविका घरोघर गेल्या, तपासणी गावाजवळ झाली. बोलावलेल्या स्त्रियांपैकी जवळजवळ ८० टक्के तपासणीस आल्या. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार विषाणू-चाचणीच्या गटात या रोगाने ३४, तर जवळपास तेवढ्याच मोठ्या तुलनेच्या गटात ६४ मृत्यू झाले. याउलट २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी केवळ १.९ टक्के स्त्रियांनी ही तपासणी कधीतरी केल्याचे आढळले.

ही तुलना काटेकोर नाही. तरीही एवढा मोठा फरक केवळ मनोवृत्तीचा नसून अंतराचा, बुडणाऱ्या मजुरीचा आणि तपासणारी व्यक्ती स्त्री आहे की नाही याचाही आहे, असे मानण्यास आधार मिळतो. उपाय आवाक्यात नसेल तर जोखमीचा विचार दूर ठेवणे हाही एक व्यवहारी निर्णय असतो. म्हणून संशोधकाने 'तुम्हांला ठाऊक आहे काय' एवढ्यावरच न थांबता 'ठाऊक झाल्यास तुम्हांला काय करता येईल' हेही विचारणे आवश्यक आहे.