पंच व्हायला कोण तयार आहे?

आमच्या निलंग्याकडे घरात कुणी अचानक गेले की पहिल्या घटकाभरात ठरलेल्या गोष्टी होतात. आयाबाया मयताचे कपडे सारखे करतात, कुणीतरी फरशी पुसून घेते, आणि एखादा पोक्त गृहस्थ म्हणतो, "आता पोलिसांची कटकट कशाला? दिवस मावळायच्या आत उरकून घेऊ." यात दरवेळी कुणाच्या मनात पाप असते असे नाही. पण मृत्यूने मागे ठेवलेली साक्ष तेवढ्यात निघून जाते.

गावात संशयास्पद मृत्यू झाला तर तो कळवणे हे एकट्या पोलीस पाटलाचे काम, अशी आपली समजूत आहे. कायदा गावात राहणाऱ्या प्रत्येकावर ही जबाबदारी टाकतो. खबर मिळाली की ठाण्यात अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि अधिकारी घरी येतो. शेजारपाजारच्या किमान दोन प्रतिष्ठित माणसांसमोर तो मरणोत्तर पंचनामा करतो. अंगावरच्या जखमा, वळ, गळ्यावरच्या खुणा, त्या कशाने झाल्या असाव्यात आणि मृत्यूचे वरकरणी कारण, एवढेच त्यात असते. मारले कोणी, हे त्या कागदाने सांगायचे नसते. मग शवविच्छेदन. विषाची शंका असली तर जठर, यकृत, मूत्रपिंडाचे भाग मिठाच्या पाण्यात घालून, मोहोर लावून प्रयोगशाळेत जातात.

बँकेत असताना विम्याच्या दाव्यांपायी असे पंचनामे मी पुष्कळ वाचले. चांगला जमादार कोणत्या हातात किती बांगड्या शाबूत आहेत, दाराची कडी आतून होती की बाहेरून, चुलीवर काय होते, हे सगळे लिहितो. (कादंबरीकारांनी त्याच्याकडून शिकावे.) वाईट पंचनामे मात्र एकमेकांची नक्कल असत, आणि खाली सह्या ठाण्यासमोरच्या चहावाल्याच्या. कारण शेजारी दार लावून बसलेले. कोर्टाच्या चकरा कोण मारणार?

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा या विवाहितेचा मृत्यू झाला, ते प्रकरण जुन्या वाचकांना आठवत असेल. मुलगी आमच्या मराठवाड्यातली, बीडची. लग्नाला जेमतेम चार महिने झाले होते. त्या रात्री बोलावलेल्या डॉक्टरांनी मृत्यू नैसर्गिक नाही, शवविच्छेदन करा, असे सांगितले म्हणून पोटॅशियम सायनाइड उघडकीला आले. तिने बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेली पत्रे पुराव्यात आली. सत्र न्यायालयाने पतीला फाशी सुनावली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १७ जुलै १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले. आत्महत्येची शक्यता मिटत नाही, असे न्यायालयाला वाटले. परिस्थितिजन्य पुराव्याची पाच सूत्रे याच निकालात आहेत, आणि आजही ती सगळीकडे उद्धृत होतात. त्यांतले मला महत्त्वाचे वाटते ते असे: गुन्हा केला 'असावा' आणि केला 'असलाच पाहिजे' यांत मोठे अंतर आहे. हे अंतर शेवटी घरातल्या बारीकसारीक वस्तूंनीच भरायचे असते, आणि त्या पहिल्या काही तासांतच हाती लागतात.

हुंडाबळींविरुद्ध मोर्चे निघत होते, तो हाच काळ. १९८३ च्या अखेरीस कायदा बदलला. लग्नाला सात वर्षे व्हायच्या आत विवाहितेने आत्महत्या केली, किंवा तिच्या मृत्यूत घातपाताचा वाजवी संशय असला, तर शवविच्छेदन ऐच्छिक राहिले नाही. चौकशीला तहसीलदारासारखा दंडाधिकारी येऊ लागला. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेतही ही तरतूद आहे. शिवाय पोलिसांनी आपला अहवाल चोवीस तासांत पुढे पाठवायचा आहे.

म्हणून माहेरच्या माणसांना एक सांगणे. दंडाधिकारी येईपर्यंत लेकीला आंघोळ घालू देऊ नका. पंचनामा मोठ्याने वाचून घ्या. सांगितलेली खूण कागदावर आली नसेल तर ती लिहायला लावा. आणि शेजाऱ्यांनो, जमादाराने हाक मारली तर दार उघडा.