रेडिसला आपली स्वतःची कमांड शिकवताना

आजचा विषय रेडिस, म्हणजे डेटा थेट रॅममध्ये ठेवणारं स्टोअर. सेट, गेट, डेकर या कमांड बऱ्याच जणांनी वापरल्या असतील. पण आपल्याला हवी ती कमांड त्यात नसेलच तर?

माझाच किस्सा सांगतो. एका जुन्या नोकरीत सेलसाठी १०० कूपनं वाटायची होती. मी लिहिलं: गेटने आकडा वाच, शून्याच्या वर असेल तर डेकरने एक कमी कर, कूपन दे. माझ्या लॅपटॉपवर झकास चाललं. सेलच्या दिवशी १०३ कूपनं गेली, आणि संध्याकाळी मी मॅनेजरसमोर.

झालं असं, की शिल्लक एक असताना आमच्या काही सर्व्हरनी एकाच वेळी आकडा वाचला. सगळ्यांना १ दिसला, सगळ्यांनी कूपन दिलं. यात रेडिसची चूक नाही हो, त्याची प्रत्येक कमांड सलग पूर्ण होते. घोळ झाला तो माझ्या दोन कमांडच्या मधल्या फटीत.

तुम्ही म्हणाल, आधी डेकर कर आणि आकडा उणे आला का बघ. तेही चालतं. पण आम्हाला एका युजरला एकच कूपन द्यायचं होतं, म्हणजे आकडा आणि युजरची यादी दोन्ही एकदम सांभाळायचं.

इथे ल्युआ कामाला येते. रेडिस २.६ पासून ईव्हॅल कमांडने ल्युआ भाषेतली स्क्रिप्ट सर्व्हरच्या आतच चालवता येते. युजर यादीत आहे? परत जा. आकडा शून्य? परत जा. नाहीतर आकडा कमी कर, युजरला यादीत टाक. स्क्रिप्ट संपेपर्यंत मध्ये दुसऱ्या कुणाची कमांड घुसत नाही. फट बुजली!

मात्र एक लक्षात ठेवा: स्क्रिप्ट मध्येच फसली तर आधी लिहिलेलं मागे फिरत नाही. म्हणून सगळी तपासणी आधी, लिहिणं शेवटी. आणि गेटने आलेला आकडा ल्युआत मजकूर म्हणून येतो, त्याला टूनंबर लावा. माझा अर्धा तास यातच गेला.

खरा धोका वेगळाच आहे. मध्ये कुणी घुसत नाही, याचाच अर्थ बाकीचे सगळे थांबतात. लाखभर की फिरणारा लूप स्क्रिप्टमध्ये टाकलात, तर तेवढा वेळ अख्खं ॲप ताटकळतं. डीफॉल्ट मर्यादा ५ सेकंदांची आहे. त्यानंतरही रेडिस स्क्रिप्ट स्वतःहून मारत नाही, फक्त इतरांना ‘बिझी’ असं सांगायला लागतं. स्क्रिप्ट किल वापरता येतं, पण स्क्रिप्टने काहीच लिहिलं नसेल तरच. एकदा लिहिलं असेल तर उरतं शटडाउन नोसेव्ह, म्हणजे डेटा न साठवता सर्व्हर बंद. रात्री दोन वाजता ही कमांड टाइप करायची वेळ कुणावर येऊ नये!

२०२२ च्या ७.० आवृत्तीपासून फंक्शन्स आली. त्यात आपला कोड नावासकट डेटाबरोबरच साठतो आणि एफकॉलने बोलावता येतो. नवीन प्रोजेक्ट असेल तर मी तेच घेईन.

आमची ती स्क्रिप्ट शेवटी नऊ ओळींची झाली. आणि जास्तीची तीन कूपनं? कंपनीने मुकाट्याने मान्य केली.